लोखंडाला पाणी

नातेपुत्याचा मुक्काम होता. सामानाचा ट्रक दुपारीच पोचला होता, राहुट्या उभ्या राहत होत्या, आणि मी बांधाच्या कडेला अर्थिंगचा रॉड ठोकत होतो. चार फुटांतला साडेतीन फूट आत गेला तसा घण बाजूला ठेवला आणि बादलीतलं पाणी रॉडच्या बुडाशी हळूहळू सोडायला लागलो. काळी जमीन पाणी पिते तेव्हा बारीक बुडबुडे सोडते. शेजारी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन नुकतंच उतरवलं असावं, कारण चुंबळ अजून हातातच होती.

"काय लावलंस रं माउली?"

"लावलं नाही आजी, ठोकलंय. लोखंड आहे."

"आन् लोखंडाला पानी घालतोस?"

"ओलं राहिलं तरच ते काम करतं."

"काय काम करतं?"

पंचवीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना मी हाच प्रश्न विचारत आलो होतो. त्यांची उत्तरं पुस्तकातली असायची. आजींना पुस्तकातलं सांगून भागणार नव्हतं. म्हटलं, "रात्री एखाद्या तारेतनं वीज बाहेर सुटली, तर ती तुमच्या अंगातनं जायच्या आधी ह्याच्यातनं जमिनीत जाते."

आजींनी रॉडकडे नीट पाहिलं. "म्हंजी आमच्या वाटनीचं हे झेलतं," म्हणाल्या, आणि तांब्यात उरलेलं पाणी त्यांनीही त्याच्या बुडाशी ओतलं.

आमच्या दिंडीत दीडशे माणसं. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघायचं आणि आषाढी एकादशीसाठी पंढरपुरात पोचायचं. या अठरा-वीस दिवसांत रोज संध्याकाळी कापडाचं एक गाव वसवायचं आणि पहाटे ते गुंडाळून पुढच्या रानात न्यायचं. या गावाची वीज माझ्याकडे आहे. निवृत्त झाल्यापासून ही एकच सेवा मी करतो. कीर्तनात मला गती नाही, स्वयंपाकात हात चालत नाही. तारा मात्र समजतात.

घरात राहणाऱ्या माणसाला वीज दिसतच नाही. ती भिंतीच्या आत, पाइपातून गेलेली असते. फरशी कोरडी असते, पलंग लाकडाचा असतो, आणि बटण दाबण्यापलीकडे तिच्याशी आपला संबंध येत नाही. एकदा कुणी चांगलं वायरिंग करून गेला की वीस-वीस वर्षं तिकडे बघावं लागत नाही. तंबूत भिंत म्हणजे कनात, ती वाऱ्यानं हलते. खांब लोखंडी पाइपचे. फरशी म्हणजे कालपर्यंत नांगरलेलं रान, आणि त्यावर अंथरलेली ताडपत्री. पाऊस आषाढाचा. दिवसभर भिजलेली माणसं ओल्या अंगानं जमिनीवर आडवी झालेली. विजेला जमिनीत जायचं असतं आणि वारकरी जमिनीवर झोपलेला असतो. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

वडिलांचं बोट धरून मी पहिल्यांदा चाललो तेव्हा दिंडीत दोन गॅसबत्त्या होत्या. एक कीर्तनाच्या राहुटीत, एक स्वयंपाकाच्या. मेंटल जळून राख झालं तरी आकार धरून राहायचं, आणि बत्ती उचलताना जरा धक्का लागला की गळून पडायचं. तो धाक सगळ्यांना ठाऊक होता. बत्तीला कुणी हात लावायचं नाही, ज्याची सेवा असेल त्यानंच लावायचा. पुढं बल्ब आले. ज्या शेतकऱ्याच्या रानात उतरायचो त्याच्या घरून एक लांब वायर यायची आणि शंभर वॉटचे चार-पाच पिवळे बल्ब लागायचे. मेंटलचा तो धाक मात्र बल्बबरोबर आला नाही. बल्बला ज्वाळा नाही, आवाज नाही, वास नाही. उजेड देणारी वस्तू आपलं काही वाईट करील असं कुणाच्या मनात येत नाही.

आणि मग फोन आले. तंबूतल्या विजेचा खरा प्रश्न फोनमुळे सुरू झाला. बल्ब वर टांगलेला असतो, माणसाच्या हाताला लागत नाही. फोन हातात असतो, उशाशी असतो, पांघरुणात असतो. दीडशे माणसांत शंभर-सव्वाशे फोन. मुक्कामाला टेकल्या टेकल्या जो तो पिशवीतून चार्जर काढतो आणि जागा शोधतो. एका बोर्डात दुसरा बोर्ड, दुसऱ्यात तिसरा. बाजारात मिळणारी ती स्वस्त पांढरी एक्सटेन्शन, तिची वायर करंगळीहून बारीक, आत तांब्याचे मोजून पंधरा-वीस केस. दोन पिनांचे चार्जर तीन पिनांच्या सॉकेटात तिरके खुपसलेले. एखाद्याला पिन मिळाली नाही तर वायरची टोकं दातानं सोलून काड्या लावून बसवलेली. हे सगळं ओल्या ताडपत्रीवर. फोनच्या चार्जरला दहा-पंधरा वॉटच लागतात, शंभर फोन धरले तरी दीड हजार वॉटच्या आत. म्हणजे भार फार नाही. धोका आहे तो जोडणीत, आणि जोडणी कुठे पडली आहे त्यात.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. तेव्हा मी नोकरीत होतो आणि रजा काढून नुसता चालायला यायचो. तंबू आणि लाईट भाड्यानं घेतलेले होते, माणसंही त्यांचीच. त्या मुक्कामाला मी राहुटीत शिरताना वायर पाहिली होती. लोखंडी खांबाला दोन वेढे घालून ती वर गेली होती, आणि ताडपत्रीच्या पितळी कडीला घासत पलीकडे उतरली होती. दिसलं मला. शिकवणाऱ्याच्या डोळ्याला असलं आपोआप दिसतं. पण मी वारकरी म्हणून आलो होतो, पाय दुखत होते, आणि ते काम दुसऱ्याचं होतं. मी सतरंजी अंथरली आणि पडलो.

रात्री वारा सुटला. कापड हललं की कडी हलते, कडी हलली की वायरचं कवच कातरलं जातं. त्याच खांबाला बायकांनी कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली होती. पहाटे एका मावशींनी ओलं लुगडं तारेवर टाकलं आणि हात झटकन मागं घेतला. "तारंला मुंग्या येत्यात," एवढंच त्या म्हणाल्या. तशाच वळल्या आणि लुगड्याचं दुसरं टोक ओढायला पुन्हा हात पुढं केला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, त्या थबकल्या एवढं आठवतं. धावत जाऊन त्या राहुटीची मेन पिन उपसली, सोबतच्यांना लांब उभं केलं. नंतर पाहिलं तर वायरचा लाल कोट कडीपाशी बोटभर लांब फाटला होता आणि आतलं तांबं पितळेला टेकलं होतं. कडी आणि खांब यांच्या मध्ये ताडपत्रीची घडी आली होती आणि ती अजून पुरती भिजली नव्हती. पूर्ण वीज अंगातून गेली नाही ती त्या घडीमुळे. तासाभरानं जोराचा पाऊस आला.

मावशी वाखरीपर्यंत आमच्याबरोबर चालल्या, फुगड्याही घातल्या. मला मात्र नंतर कितीतरी दिवस जेवताना त्यांचा तो पुढं आलेला हात दिसायचा. ती वायर मी पाहिली होती. पाहून झोपलो होतो.

आपल्याकडे खेड्यांत कपडे वाळत घालायच्या तारेनं दर पावसाळ्यात माणसं जातात. पेपरात कोपऱ्यात बातमी येते. बहुतेक वेळा आधी बाई, मग तिला सोडवायला गेलेलं माणूस. म्हणून आमच्या तळावर आता लोखंडी तार नाही. वाळवणाला सुताची दोरी, आणि तीही बांबूला बांधलेली. हा नियम घातला तेव्हा कुरकुर झाली, कारण दोरी झोळ धरते, ओल्या धोतरांनी खाली येते. येऊ दे म्हटलं.

वर्गात एक हिशेब मी दरवर्षी फळ्यावर मांडायचो. तोच दिंडीतल्या तरुण पोरांनाही मांडून दाखवतो. ओल्या माणसाचा विरोध साधारण एक हजार ओहम धरा. २३० व्होल्टला हजारानं भागा. आले २३० मिलिॲम्पियर. आता, दहा-पंधराला हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तिसाच्या पुढं, ती वीज काही क्षण छातीतून वाहत राहिली, तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. आणि आपण ज्याच्यावर विसंबून असतो तो बोर्डातला एमसीबी किती ॲम्पियरचा असतो? सोळा. म्हणजे सोळा हजार मिलिॲम्पियर. सत्तर माणसांमधून एकाच वेळी वीज वाहत राहिली तरी एमसीबीच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललेलं असतं. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला आहे, माणसासाठी बसवलेलाच नाही. या वाक्यावर वर्ग दरवर्षी गप्प व्हायचा.

माणसासाठी वेगळी वस्तू लागते. तिला आम्ही आरसीसीबी म्हणतो, दुकानदार अजून ईएलसीबी म्हणूनच देतात. तीस मिलिॲम्पियरची घ्यायची, शंभरची किंवा तीनशेची नाही. त्या आग लागू नये म्हणून असतात. तिच्या आत एक कडं असतं आणि त्या कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. दिंडीत नदीवर आंघोळीला गेलेल्यांची संध्याकाळी मोजणी होते ना, तसं. गेले एकशे अठ्ठेचाळीस, आले एकशे सत्तेचाळीस, तर टाळ बाजूला ठेवून आधी त्या एकाला शोधायचं. गेलेल्या आणि आलेल्या विजेत तिसाचा फरक पडला की ही वस्तू कुणाची वाट बघत नाही, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत सगळा पुरवठा तोडते. फरक मोठा असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

तिच्या मर्यादाही मी सांगतो, कारण अर्धवट भरवसा वाईट. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कुणी कोरड्या फळीवर उभा राहिला तर गेलेली वीज आलेल्या विजेइतकीच असते, तिला काहीच कळत नाही. ती सडते, गंजते, मुंग्या घर करतात. म्हणून तिच्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं. ते दाबलं की ती पडलीच पाहिजे. मी ते रोज संध्याकाळी, तंबूत पहिला माणूस शिरायच्या आत दाबतो. पडल्याचा 'खट्' आवाज आला की मगच पुढचं काम.

मग रॉड कशाला, असं एका पोरानं विचारलं होतं. चांगला प्रश्न होता. रॉड नसेल तर फाटलेल्या वायरीनं खांब जिवंत होतो आणि तसाच राहतो. कुणीतरी हात लावेपर्यंत वीज कुठंच सांडत नाही, म्हणून आरसीसीबीला काही कळत नाही. माणूस शिवला की कळतं. म्हणजे पहिली चाचणी माणसाच्या अंगावर. रॉड असेल आणि खांब त्याला हिरव्या वायरीनं जोडलेला असेल, तर वायर फाटली त्याच क्षणी वीज रॉडमधून सांडते आणि पुरवठा तुटतो. कुणी खांबाला शिवायच्या आत. आजींनी चार शब्दांत सांगितलं तेच हे.

जमिनीजमिनीत फरक असतो. नीरेच्या कालव्याखालची फलटण-माळशिरसकडची काळी रानं म्हणजे अर्थिंगला सोनं. ओल धरून ठेवतात. जेजुरीच्या बाजूला मुरूम लागतो, घण उलटा उडतो, रॉड दीड फुटावर अडून बसतो. तिथं मी दोन-तीन रॉड अंतरा-अंतरानं ठोकून एकत्र जोडतो आणि पाणी जास्त घालतो. तरीही समजा शंभर ओहम आले. २३० भागिले शंभर, सव्वादोन ॲम्पियर. एवढ्यावर एमसीबी ढिम्म हलत नाही, पण तीस मिलिॲम्पियरवाली लगेच पडते. मुरमाच्या रानात हे दोघं एकमेकांच्या आधारानंच उभे असतात.

वीज कुठून घ्यायची हे सगळ्यांत नाजूक. जिथं तात्पुरतं कनेक्शन मिळतं तिथं ठीक. एरवी शेजारच्या वस्तीवरचे लोक मोठ्या मनानं देतात, "घ्या माउली, कितीबी जाळा" म्हणतात. पण खेड्यातल्या काही ठिकाणी न्यूट्रलची तार पुरती आलेलीच नसते, आणि लोकांनी जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल केलेलं असतं. बल्ब लागतो, म्हणून घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या सळईभोवतालच्या जमिनीत वीज पसरलेली असते, आणि सळई सुकली किंवा जोड सुटला की न्यूट्रल म्हणून समजलेली तारच जिवंत होते. अशा ठिकाणी आधी जनावरं जातात, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, तेवढा दाबातला फरक जास्त. म्हणून कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी मी आधी टेस्ट लॅम्प लावून बघतो. फेज-न्यूट्रलवर पूर्ण लागला पाहिजे, फेज आणि माझ्या रॉडवर लागला पाहिजे, न्यूट्रल आणि रॉडवर अजिबात लागता कामा नये. संशय आला तर हात जोडून "राहू द्या, आमचं जनरेटर आहे" म्हणतो. देणाऱ्याला वाईट वाटतं. त्याच्या घरची चूक त्याला दाखवून, जमली तर दुरुस्त करून मग निघतो. आकडा टाकलेली लाईन तर मी हातातच घेत नाही, आणि वरून तारा गेलेल्या असतील त्या रानात राहुटी लावू देत नाही. पताकेचा ओला बांबू उभा करणाऱ्याचं लक्ष जमिनीकडे असतं, वर नसतं.

हे सगळं पाच-सहा वर्षं केलं. पेटी बनवली. त्यात आरसीसीबी, एमसीबी, बाहेरच्या अंगाला झाकणाचे निळे इंडस्ट्रियल सॉकेट, पेटी जमिनीपासून हातभर वर लाकडी घोडीवर. वायर तीन कोरची, अडीच एमएमची, एकही जोड नसलेली. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळी आतून तापते आणि कवच वितळून एकमेकांना चिकटतं. जास्तीची वायर जमिनीवर मोकळी नागमोडी टाकायची. खांबाशी ती सुतळीनं अशी बांधायची की पिनेच्या आधी खाली एक झोळ राहील, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत सॉकेटात न जाता झोळाच्या टोकाला ठिबकेल. आणि तरीही रात्री झोप लागायची नाही. शंभर हात, शंभर चार्जर, आणि मी एकटा किती ठिकाणी बघणार?

एका रात्री हे मनात चालू असताना नजर ट्रकच्या टपावरच्या दिव्याकडे गेली. तो चोवीस व्होल्टवर चालतो. पावसात भिजतो, चालक ओल्या हातानं तो पुसतो, त्याला कधी काही होत नाही. आणि आपण तंबूत २३० नेतो कशासाठी? नऊ वॉटच्या दिव्यासाठी आणि पाच व्होल्टच्या फोनसाठी.

पुढच्या वर्षापासून २३० राहुटीच्या आत जात नाही. आत बारा व्होल्टचे एलईडी, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज, कारण बारा व्होल्ट माणसाचा जीव घेत नसले तरी फ्यूज नसताना दिव्याच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर त्या लाल होतात आणि गवत पेटायला तेवढं पुरतं. बॅटरी दिवसभर ट्रकवर चार्ज होते. कमी व्होल्टला वायर जाड लागते, नाहीतर शेवटचा दिवा मिणमिणतो, म्हणून थोडा खर्च झाला. पण आता राहुटीत कुणी दिव्याची वायर ओल्या हातानं धरली, पोरानं दातात घातली, तरी मी उठून धावत नाही.

फोन ट्रकच्या फाळक्यावर. तिथं लाकडी फळ्यांचं कपाट आहे, खणाला नंबर, खणात चार्जर आधीच बसवलेला. ट्रकचा सांगाडा रॉडला जोडलेला. फोन आणून द्यायचा, नंबराची कापडी चिंधी घेऊन जायची, पहाटे चिंधी देऊन फोन न्यायचा. पाणी तापवायची इलेक्ट्रिक कांडी मात्र कुठंच चालणार नाही. पातेल्यात कांडी, पातेलं अॅल्युमिनियमचं, खाली चिखल, आणि तापलं का बघायला पाण्यात बोट घालायची सगळ्यांना सवय. आंघोळीला पाणी चुलीवर तापवून मिळेल, रांगेत थांबा.

फोनच्या नियमानं लोक खरंच दुखावले. एक बाबा, सत्तरीच्या पुढचे, फोन द्यायला तयार होईनात. "सूनबाई दवाखान्यात हाय. रातीचा फोन आला तर?" त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, "बाबा, मी इथंच फळ्यांखाली झोपतो. वाजला तर तुमच्या राहुटीत येऊन उठवीन." दीड वाजता वाजला. चिखलातून जाऊन उठवलं, खांद्याला धरून ट्रकपाशी आणलं. नात झाली होती. त्यांनी फोन कानाला लावून माझाच हात घट्ट धरून ठेवला होता आणि "हां, हां" एवढंच म्हणत होते. तेव्हापासून फाळक्याखालची माझी जागा पक्की झाली. रात्रीतून पाच-सात फोन येतात. सगळे आनंदाचे नसतात.

जनरेटरचं थोडं. वीज गेली की तो लागतो, बहुतेक कीर्तनाला. त्याचा धूर दिसत नाही तेव्हाही त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच राहतो. म्हणून तो राहुट्यांपासून लांब, वारा उलट्या दिशेनं जाईल असा, आणि कितीही पाऊस आला तरी कनातीच्या आत नाही. त्याला पत्र्याची छपरी केली आहे. दुसरं, छोट्या जनरेटरचं न्यूट्रल बहुधा मोकळं असतं. ते सांगाड्याला आणि रॉडला जोडलं नाही तर सांडलेल्या विजेला परत जायला वाटच नसते आणि आरसीसीबी नुसती शोभेला राहते. हे मला कळायला शिकवायला लागल्यानंतरही बरीच वर्षं गेली, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि एवढं करूनही कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावायचा नाही. आधी पेटीचं बटण. ते लांब असेल तर कोरडा बांबू. सुटल्यावर तळवे चोळत बसायचं नाही, मातीत पुरायचं नाही. श्वास बघायचा, नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरानं आणि भराभर दाबत राहायचं, एकानं १०८ लावायचा. आमच्या दिंडीत हे अकरा जणांना येतं, त्यात चार बायका आहेत. वारीच्या दुसऱ्या दिवशी पिठाच्या गोणीवर सराव घेतो.

संध्याकाळी समाजआरतीला सगळा तळ भरतो. हजारो टाळ एकाच वेळी चाललेले असतात. मग चोपदार दंड वर करतात आणि टाळ थांबतात. असा शांतपणा मी दुसरीकडे कुठंच ऐकलेला नाही. एवढ्या माणसांचा श्वास तेवढा उरतो. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही, म्हणजे चोपदारांना कळतं कुठं जायचं. आमच्या राहुट्या तळाला लागून असल्या की मी त्या वेळी पेटीपाशी उभा राहतो. एरवीच्या गजरात ऐकू येत नाही ते तेवढ्या वेळात ऐकू येतं. पिन ढिली बसली असेल तर ती बारीक चरचरते, तेलात मोहरी पडल्यासारखी. दोन वर्षांपूर्वी तशी एक सापडली. सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता, प्लास्टिक पिवळं पडायला लागलं होतं. सगळ्या तळावर शांतता आणि तेवढा एक आवाज.

नातेपुत्याला त्या रात्री पाऊस झाला नाही. पहाटे साडेतीनला तळ उठायला लागला. उतरवायचा क्रम ठरलेला आहे. पहिलं जिथून वीज घेतली तिथलं तोडायचं, मग पेटीकडची पिन, मग वायर गुंडाळत यायची, म्हणजे हातातली वायर मेलेलीच असते. रॉड सगळ्यांत शेवटी, कारण बाकी काही जोडलेलं असेपर्यंत त्याचं काम संपत नाही.

वायर ट्रकमध्ये गेली, पेटी गेली, घोडी गेली. रॉड मात्र निघेना. रात्रभरात वरची माती सुकून आवळली होती. घणानं डावी-उजवीकडे ठोके दिले, पाना लावून फिरवायला गेलो, घाम आला. ट्रकवाला हॉर्न द्यायला लागला. तेवढ्यात त्याच आजी आल्या. चुंबळ डोक्यावर, वृंदावन अजून खाली ठेवलेलं.

"निघंना व्हय?"

"नाही निघत आजी."

"मग पानी घाल की."

बादली ट्रकमध्ये गेली होती. आजींनी तांब्या कलंडवला, तुळशीला घालून उरलेलं ते पाणी होतं. रॉडच्या कडेनं ते आत उतरलं, बुडबुडे आले. मी दोन्ही हातांनी धरून एकदा फिरवला आणि वर ओढला. सगळा रॉड मऊ काळ्या मातीत माखून बाहेर आला. आजींनी वृंदावन उचलायला हात पुढं केले, तेव्हा मी रॉड खाली ठेवला आणि आधी ते त्यांच्या डोक्यावर चढवून दिलं.